सभापतींचं राहिलेलं भाषण

आमच्या चाळीची वरची सभा बरखास्त करायला मी जिना चढून गेलो आणि त्याच सभेचा तहहयात सभासद होऊन खाली उतरलो. मधल्या काळात मला कोणी दमदाटी केली नाही, आमिष दाखवलं नाही, आणि फसवलं म्हणावं तर तसंही नाही. जे झालं ते सगळ्या चाळीसमोर, माझ्या संमतीने झालं. दोन-तीनदा तर मी टाळ्याही वाजवल्या.

ज्यांनी हे घडवलं त्यांना आम्ही सभापती म्हणायचो. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीचे ते मालक. घराणं जुनं मुंबईकर, आजोबांच्या काळात बऱ्याच इमारती बाळगून असलेलं. वडिलांच्या हातून एकेक गेली आणि ही एक उरली. तिच्याच वरच्या मजल्यावर हे राहायचे. इंग्रजांच्या अमदानीत प्रांताच्या कायदेमंडळाला एक वरचं सभागृह होतं. त्यात काही माणसं निवडून यायची आणि थोडी लाटसाहेब आपल्या मर्जीने नेमायचे. अशी एक नेमणुकीची जागा कोणाच्या तरी निधनाने मोकळी झाली आणि ह्यांना मिळाली. ह्यांनाच का, ह्याबद्दल चाळीत बऱ्याच कथा होत्या. ते स्वतः म्हणायचे, "माझं नाव साहेबाला उच्चारता येत होतं."

त्यांनी काळा अल्पाकाचा लांब कोट शिवून घेतला. विषय निवडला : कोकणातल्या माडांवर पडणारा भुंगा. भाषण तयार केलं, आरशासमोर म्हणून पाहिलं. त्यांचा बोलायचा दिवस यायच्या आत मंत्रिमंडळ राजीनामा देऊन मोकळं झालं आणि सभागृहाचं कामकाजच बंद पडलं. भाषण राहिलं. कोटही राहिला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याला नवं वरचं सभागृह मिळालं, पण त्यात ह्यांना कोणी बोलावलं नाही. तेव्हा त्यांनी ते घरीच काढलं.

चाळीत आधीपासून एक समिती होती. गणपती झाले की अंगणात हात वर करून ती निवडली जायची. नळाच्या पाळ्या, गणपती, जिन्यातले दिवे हे तिचं राज्य. सभापतींनी एका सत्यनारायणाला सगळ्यांदेखत अंगणाचा ताबाही समितीला देऊन टाकला, आणि बदल्यात एवढंच मागितलं की समितीचे ठराव अमलात यायच्या आधी वर त्यांच्याकडे यावेत. वर म्हणजे त्यांच्या दारासमोरच्या गॅलरीत. तिथे वेताच्या चार खुर्च्या मांडलेल्या असत. एकीवर ते. दुसरीवर दोन्ही कानांनी ठार बहिरे असलेले एक निवृत्त गुरुजी. तिसरीवर बायजाक्का, जिच्या खानावळीत अर्ध्या चाळीतले गिरणीवाले जेवायचे. चौथी खुर्ची रिकामी. सभागृह कधी पूर्ण भरू देऊ नये, नाहीतर माणसं आशा सोडतात, असं त्यांचं मत होतं. ह्या तिघांना कोणी निवडलं नव्हतं आणि काढायची सोय नव्हती.

अधिकार म्हणाल तर थोडेच. वर्गणीच्या, म्हणजे पैशाच्या ठरावाला वरच्या सभेने हात लावायचा नाही. बाकीचा कुठलाही ठराव एका संकष्टीपासून पुढच्या संकष्टीपर्यंत ठेवून घेता येई. त्यानंतर तो आपोआप लागू. जास्त मुदत हवी तर ती फक्त ठराव मांडणाराच देऊ शके, पण मग ठरावाचा निकाल वरच्या सभेच्या मतावर लागे. आणि एक ठराव वर असताना दुसरा वर पाठवायचा नाही, कारण गुरुजींच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहायची आणि त्यांचा मान ठेवणं भाग होतं.

मग ह्या सभेचा उपयोग काय, असं विचारलं तर सभापती म्हणत, "आम्ही अडवत नाही. आम्ही 'जरा बसा' म्हणतो."

एकदा समितीने अंगणातला शेवगा तोडायचा ठराव केला. पोरं चढतात, फांदी ठिसूळ, कोणी पडेल. ठराव वर गेला. महिन्याभराने तो लागू झाला तेव्हा शेवग्याला शेंगा लागल्या होत्या आणि समितीतल्या प्रत्येकाच्या घरी आमटी शिजत होती. ठराव अजूनही लागू आहे. शेवगाही आहे.

मालक आणि सभापती ही एकच व्यक्ती आहे हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. कोट अंगात असला की ते सभापती आणि आम्ही सगळे 'आपण'. कोट खुंटीवर गेला की ते मालक आणि आम्ही 'तू'. माझ्या खोलीचं छत गळायचं. मी एकदा भर सभेत तो विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की हा प्रश्न आपण मालकांकडे मांडावा. मी म्हटलं, मालक कुठे भेटतील? ते म्हणाले, सभा संपल्यावर. सभा संपली. त्यांनी कोट काढला, बनियनवर आले आणि मला म्हणाले, "बोल, काय काम काढलंस?" मी परत सगळं सांगितलं. त्यांनी छत दुरुस्त करून दिलं आणि पुढच्या सभेत मालकांचे आभार मानले.

अशा माणसाशी मी लढायला निघालो होतो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. मी एका विमा कंपनीत कारकून होतो आणि संध्याकाळी सभांना जायचो. घोषणा द्यायला माझा आवाज फार पातळ, शेजारचा माणूससुद्धा वळून पाहायचा. म्हणून मी ठराव लिहायचो. चांगले लिहायचो. त्या जोरावर मी त्या वर्षी चाळ समितीचा चिटणीस झालो.

हिवाळ्यात शहरात गोळीबार झाला. गिरणीत मुकादमी करणाऱ्या आमच्या नाना जॉबरच्या धाकट्या भावाला, बाबीला, मांडीत गोळी लागली. तो इस्पितळातून काठी टेकत आला तो दिवस मला आठवतो. गॅलऱ्यांत माणसं उभी होती. बाबी जिना चढून वर गेला, आणि सगळ्यांचे डोळे हळूहळू तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीकडे वळले. तिथे पोलीस हवालदार राहायचा.

हवालदार आमच्यासारखाच कोकणातला. त्याची ड्युटी भोईवाड्याच्या कोर्टात, आरोपींना वर-खाली नेण्याची. गोळीबाराच्या दिवशी तो कुठे होता हे आम्ही त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि मग आमची पंचाईत झाली असती.

दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको नळावर आली की बोलणं थांबायचं. बायका बाजूला व्हायच्या. आधी भरू द्यायच्या, ते अधिक वाईट. आणि फाल्गुनात त्यांच्या शेवंताचं लग्न ठरलेलं होतं, चाळीच्याच अंगणात. चाळीतलं लग्न म्हणजे काय असतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको : चटया एका खोलीतून, टोप दुसऱ्या खोलीतून, वऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, आणि राबणारे हात सगळ्यांचे. हळद दळायचा मुहूर्त धरला त्या सकाळी हवालदाराच्या बायकोने जातं धुऊन मांडलं, सुपात हळकुंडं ठेवली आणि सवाष्णींची वाट बघत दारात बसली. कोणी गेलं नाही. माझी आई आमच्या दाराआडून तीनदा डोकावली. चौथ्यांदा मी दार लावून घेतलं. शेवटी माय-लेकींनीच ती दळली. मुलाचे वडील प्रभादेवीचे. त्यांनी निरोप धाडला की चाळीशी तुमचं बरं आहे ना, तसं नसेल तर आत्ताच कळवा. म्हणजे अंगण नाही मिळालं तर लग्न मोडणार, हे हवालदाराला समजलं होतं आणि आम्हालाही.

समितीची बैठक झाली. हवालदाराला अंगण द्यायचं नाही आणि चाळीने त्याच्याशी संबंध ठेवायचा नाही, असा ठराव मी लिहिला. आवेशपूर्ण होता. वाचताना माझे मलाच डोळे पाणावले. नाना जॉबर म्हणाला की आता लगेच वर पाठव. आज संकष्टी. वरचे पुढच्या संकष्टीपर्यंत ठेवून घेतील. लग्न त्यानंतर आठ दिवसांनी आहे. ठराव वेळेत लागू होतोय.

हिशेब इतका सरळ होता की मला तो पटला नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो की ज्या लोकांना कोणी निवडलेलं नाही त्यांच्या दारात आपण आपला संताप घेऊन महिनाभर ताटकळत उभं राहायचं का? आधी ही वरची सभाच बरखास्त करू. मग आपल्या ठरावाला कोणाच्या बापाची परवानगी लागणार नाही. टाळ्या पडल्या. नानाने वाजवल्या नाहीत.

"आधी त्याचा जाऊ दे रे," तो परत म्हणाला. "हे दुसरं कशाला काढतोस?"

मी त्याला लोकशाही समजावून सांगितली. आणि त्याच संध्याकाळी बरखास्तीचा ठराव घेऊन वर गेलो.

सभापतींनी कोट घातला. ठराव दोनदा वाचला. गुरुजींना दाखवला, गुरुजींनी मान डोलावली, ते नेहमीच डोलावत. मग ते मला म्हणाले, "चिटणीस, अशा मोलाचा ठराव ह्या सभागृहापुढे प्रथमच येतो आहे. आपण निवडून आलेलो नाही ही गोष्ट मला कित्येक वर्षं खटकते. मी स्वतः ह्या ठरावाच्या बाजूने बोलणार आहे."

मी भारावून खाली आलो. नानाला सांगितलं की म्हातारा आपल्या बाजूने आहे. नानाने हवालदाराच्या ठरावाची घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवसापासून भाषण सुरू झालं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की सभापती वरच्या गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहात आणि खाली अंगणात चाळ बसे. सुरुवात त्यांनी जोरदार केली. वरची सभागृहं म्हणजे माडाच्या शेंड्यात शिरणारा भुंगा, असं ते म्हणाले. तो मुळापासून येत नाही. वरून येतो, कोवळ्या कोंबात भोक पाडतो आणि बाहेरून झाड हिरवंच दिसतं. मी टाळ्या वाजवल्या. ह्याहून चांगली उपमा मला स्वतःला सुचली नसती.

मग ते भुंग्याकडे वळले आणि तिथून परत आले नाहीत.

भुंगा अंडी कुठे घालतो, शेणखाताच्या खड्ड्यात अळी किती दिवस राहते, कोंब उलगडला की झावळीवर कात्रीने कापल्यासारख्या खुणा कशा दिसतात. मला वाटलं, लोक उठून जातील. पण आमची चाळ निम्मीअधिक कोकणातली. प्रत्येकाचे गावाकडे दोन तरी माड होते आणि त्यातला एक तरी भुंग्याने खाल्लेला होता. गिरणीची पाळी सुटली की माणसं डबे हातात घेऊन थेट अंगणात येऊन बसू लागली. माझ्या ठरावाची आठवण सभापती रोज शेवटी एकदा काढायचे, "म्हणून ही सभा बरखास्त झालीच पाहिजे," आणि मी समाधानाने झोपायला जायचो. ठरावाच्या बाजूने बोलणारे ते एकटेच होते, आणि ते थांबत नव्हते.

एके संध्याकाळी त्यांनी विचारलं की शिरलेला भुंगा बाहेर कसा काढावा, ह्याबद्दल सभागृहाला कोणी माहिती देईल का. मग तळमजल्याच्या कोपऱ्यातून, स्वतःच्या उंबऱ्यात बसल्या बसल्या, हवालदार म्हणाला,

"तारेच्या आकड्याने ओढायचा. मग भोकात रेती नि मीठ."

कोणी वळून बघितलं नाही. बऱ्याच दिवसांत चाळीने त्याचा आवाज ऐकला नव्हता. नाना जॉबर समोर बघत म्हणाला,

"रेती नाय. राख."

"राख पावसात जाते."

"तुझ्या वाडीत जात असेल."

आणि ते जुंपले. एकाची बाजू रेतीची, दुसऱ्याची राखेची. मधे आणखी चार जण पडले. बाबीने काठी जमिनीवर आपटून रेतीच्या बाजूने, म्हणजे सख्ख्या भावाच्या विरुद्ध, मत दिलं. सभापती कठड्यावर रेलून ऐकत होते. त्यांनी कोणाला शांत राहायला सांगितलं नाही, आणि त्यांच्या सभेत हे प्रथमच घडत होतं.

बायकांचं म्हणाल तर भुंग्यात त्यांना रस नव्हता. पण इतकं लांबलचक भाषण ऐकायचं म्हणजे हाताला काही तरी काम हवं. हवालदाराची बायको आपल्या दारात लग्नाचे तांदूळ निवडत बसायची. पोतंभर तांदूळ, एकटी बाई. पहिल्यांदा बायजाक्का खाली उतरली आणि काही न बोलता तिच्या पुढ्यातलं एक सूप ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझी आई गेली. मी डोळे वटारले तर म्हणाली, "काय करू? रिकामी बसले की झोप येते मला ह्यांच्या बोलण्याने." भाषण भुंग्यावरून माडाच्या वाळवीवर पोचेपर्यंत तांदूळ संपून गहू निघाले होते आणि कोपऱ्यातल्या त्या दारात बसायला जागा उरली नव्हती.

हे सगळं मी बघत होतो. पण मला ते दिसत नव्हतं. माझं लक्ष संकष्टीकडे होतं. त्या दिवशी मुदत संपणार, सभा आपोआप बरखास्त होणार, आणि दुसऱ्या दिवशी हवालदाराचा ठराव लागू. लग्नाला आठ दिवस राहतात. बरोबर बसत होतं.

संकष्टीच्या संध्याकाळी सभापतींनी भाषण मधेच थांबवलं. माझ्याकडे पाहून म्हणाले की मुदत आज संपते, नियमाप्रमाणे मी इथेच थांबायला तयार आहे. राहिलेला भाग तसा महत्त्वाचा नव्हता. ही सभा गेल्यावर आपल्या चिटणिसांसारख्या बुद्धिमान तरुणाला चाळीने कुठलं स्थान द्यावं, एवढाच मुद्दा बाकी होता. तो न बोलताही चालेल.

अख्खं अंगण माझ्याकडे बघत होतं. नाना मान हलवून नको नको म्हणत होता, ते मला स्पष्ट दिसलं.

"बोला ना साहेब," मी म्हणालो. "संपेपर्यंत बोला."

"ठराव मांडणाऱ्यांनी मुदत वाढवून दिली आहे," सभापती म्हणाले आणि खाकरून परत वाळवीपासून सुरुवात केली.

आठव्या दिवशी सभागृह लग्नानिमित्त तहकूब झालं. माझा ठराव अजून वर होता, म्हणून दुसरा जाऊ शकत नव्हता, म्हणून अंगण हवालदाराला मिळायला कोणाचीच हरकत नव्हती. सकाळी आई आमच्या दोन्ही चटया काखेत मारून निघाली. मी विचारलं, कुठे? "तुझा ठराव वर आहे ना," ती म्हणाली, "मग चटया खाली जाऊ देत." वऱ्हाड वरच्या मजल्यावर उतरलं, गुरुजी मंगलाष्टकांना मान डोलावत होते. बाबी पहिल्याच पंगतीत होता. मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं की अरे, तू तरी. तो पुरी मोडत म्हणाला, "गोळी पायाला लागली रे. पोटाला नाय."

लग्नानंतर सभापतींनी भाषण संपवलं. माझ्या स्थानाबद्दलचा मुद्दा दोन वाक्यांत आला. सभागृहाने स्वतःच्या मरणावर मत द्यायचं तर ते पूर्ण भरलेलं हवं, म्हणून चौथ्या खुर्चीवर मी चिटणिसांची तहहयात नेमणूक करतो. समितीने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आपला माणूस वर गेला. मलाही तसंच वाटलं. मग मतदान झालं. गुरुजी विरोधात, त्यांना वाटलं चहा हवा का विचारतायत, आणि ते नको म्हणाले. बायजाक्का म्हणाली, "माका खुर्ची सोडूक जमूचा नाय. गुडघे धरतत." आणि मी. आता खरं सांगायचं तर ती वेताची खुर्ची पाठीला फार चांगली होती. मी तटस्थ राहिलो. बाजूने मत एकट्या सभापतींचं. ठराव फेटाळला गेला.

हवालदाराच्या बहिष्काराचा ठराव नानाच्या खिशात होता. मी त्याला म्हटलं, आता वर पाठवायचा का? तो म्हणाला, असू दे रे आता, आणि रेती घेऊन गावाला गेला.

पुढे एकदा कोट काढलेला असताना मी सभापतींना विचारलं की प्रांताच्या सभागृहासाठी तयार केलेलं ते मूळ भाषण केवढं होतं.

"दहा मिनिटांचं," ते म्हणाले. "तुझ्यामुळे पुरं झालं."

तुम्ही मालक होतात, मी म्हटलं. अंगण तुमचं. एका शब्दात लग्न लावून दिलं असतंत, महिनाभर घसा कशाला कोरडा केलात? ते म्हणाले की दिलेला अधिकार मनाला येईल तेव्हा काढून घ्यायचा म्हणजे तो दिलाच नव्हता. आणि मी नुसतं 'करा' म्हटलं असतं तर लग्न झालं असतं, पण चटया आल्या नसत्या.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले गेले. हवालदारही वाटत होता. शेवंता कडेवर मूल घेऊन आली होती. मी वरच्या सभेचा सभासद ह्या नात्याने जिन्यात जरा ताठ उभा होतो. हवालदाराने माझ्या हातावर पेढा ठेवला, तेव्हा मी मोठ्या मनाने विषय काढला. म्हटलं, हवालदार, तेव्हा तुमच्यावर फार कठीण प्रसंग आला होता. झोप लागत नसेल.

"पहिले दोन-तीन दिवस नाही लागली," तो म्हणाला. "मंडपवाला विचारत होता, बयाणा घेऊ की थांबू. मग कळलं की आमच्या विरुद्धचं काम तुम्ही हातात घेतलंय. त्याच दिवशी त्याला सांगितलं, मंडप घाल."